आमच्या कॉलेजचा जकातनाका

सायकलवर मोटारसायकलचं हेल्मेट घालून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बुलढाण्याच्या घाटाखालचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि सर आपले काळं, तोंड झाकणारं हेल्मेट घालून कॉलेजच्या फाटकातून आत शिरताहेत. वॉचमन रोज सलाम ठोकायचा आणि रोज विचारायचा, "सायेब, सायकलले काऊन हेल्मेट?"

"डोकं सायकलीचं नाही बे, माह्यं हाय."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे, पण दोघांपैकी एकालाही त्याचा कंटाळा आलेला दिसला नाही.

सर मूळ दुसरबीडचे. बापानं हायवेवर पंक्चर काढत यांना शिकवलं. मृदाशास्त्र शिकवायचे आमच्या कृषी महाविद्यालयात, आणि बरं शिकवायचे. पण जिल्ह्यात ते ओळखले गेले दुसऱ्याच कामासाठी. वरून विद्यापीठाचा आदेश आला की ज्या कॉलेजात परदेशी प्रकल्प येतात तिथे एक कक्ष उघडा. बाहेरचं विद्यापीठ, कंपनी किंवा शास्त्रज्ञ आपल्याशी काम करायला येतो तेव्हा पैसा कुणाचा, बदल्यात काय मागतात, आपला माणूस कुणाच्या खर्चानं परदेशी जातो, जाताना काय घेऊन जातो, आणि आपलं संशोधन हळूच कुणी आपल्या सोयीनं वळवतंय का, हे सगळं त्या कक्षानं पाहायचं. मानधन शून्य, शिव्या भरपूर. कुणी घेईना, म्हणून प्राचार्यांनी ते सरांच्या गळ्यात घातलं. महिनाभरात स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं, जकातनाका.

त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बराबर हाय. नाक्यावाला गाडी जाऊ देत नाही असं नाही. फक्त ताडपत्री उघडाले लावते."

सरांची ती खुर्ची पुढे पसाभर गव्हापायी गेली. जिल्ह्यात ती गोष्ट अजून हसून सांगतात, आणि एक म्हातारी बाई अजून रडून सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. मी मुळात कमी बोलतो, त्याचा मला फायदाच झाला.

पण आधी सर.

त्यांची कामाची एक पद्धत होती. परदेशी करार आला की तो खोलीत बसून वाचायचा नाही. कॅन्टीनमध्ये, चहाच्या वेळेला, मोठ्यानं, आणि वऱ्हाडीत सांगायचा. कलमामागून कलम. नियम एकच: जे कलम वऱ्हाडीत सांगताना जीभ अडखळते, त्यावर खुणेचा काटा.

एकदा एका बाहेरच्या बियाणे कंपनीचा करार होता. माती तपासायची आम्ही, पैसे देणार ते. सर उभे राहिले. "हं, आइका. आपण काम करायचं. निकाल आला का पयले त्यायले दाखवायचा. त्यायले आवडला तर छापायचा. नाही आवडला तर..." आणि थांबले.

"तं काय सायेब?" कॅन्टीनवाला भाऊ गाळणं झटकत म्हणाला.

"तं तोंडावर बोट ठेवून बसायचं."

"म्हंजे पोरगी आपली, आन् सासरी बोलायची का नाही हे बी तेच ठरवणार?"

सगळी कॅन्टीन हसली. सरांनी काटा मारला. पुढे चार पत्रं गेली, चार आली, आणि कंपनीनं ते कलम काढलं. काढलं नसतं तर करार नसता झाला, इतकंच. सरांना त्याचं दुःख नसायचं. आम्हाला असायचं, कारण प्रकल्पावर आमच्या बढत्या लटकलेल्या.

मी पहिल्यांदा परदेशी परिषदेला निघालो तेव्हा त्यांनी मला बोलावून एक जुनाट लॅपटॉप हातात ठेवला. आत काहीच नाही. माझं भाषण आणि चार चित्रं, बस.

"आपला घरी ठेव. हा ने."

"सर, हा तर अगदी रिकामा आहे."

"पाव्हण्या घरी जातानी घरचे दागिने घालून जाते काय कोणी?"

"लग्नाला जाताना उलट घालूनच जातात, सर."

"हाव, हे बी खरं हाय," ते म्हणाले. "पण तू लग्नाले नाही जाऊन राह्यला. मुलगी पाहाले जाऊन राह्यला. आन् ते बी तुले पाहून राह्यले."

परिषदेत फुकट वाटलेले पेनड्राइव्ह मी आणले, ते त्यांनी काढून घेतले. अशा भेटी त्यांच्याकडे बऱ्याच जमल्या होत्या. त्यांनी त्या दोऱ्यात ओवून कक्षाच्या दारावर टांगल्या, लिंबू-मिरची टांगतात तशा. "मी बुद्धाचा माणूस, नजर-बिजर मानत नाही," म्हणायचे. "पण हे टांगलं का पोरं इचारते, सर हे काय. मंग सांगता येते."

एवढं ऐकून कुणाला वाटेल, हा माणूस परदेश्यांचा द्वेष करणारा असेल. तसं नव्हतं हो. परदेशी पाहुणा आला की सरांइतका आनंद कुणाला होत नसे. त्याला आठवडी बाजारात न्यायचे, ठेचा खाऊ घालायचे, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की स्वतःच्या रुमालानं पुसायचे. आणि एक प्रश्न हमखास विचारायचे: "तुमच्याकडं विहीर कोणाच्या नावावर असते?" बायकोच्या की नवऱ्याच्या, दोन भावांत असली तर पाणी कोण आधी घेतो, शेत विकलं तर विहीर जाते का. एक गोरा प्राध्यापक यावर म्हणाला की हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही, घरी फोन करून सांगतो. त्यानं खरंच केला. सर आठवडाभर ते उत्तर सगळ्यांना सांगत फिरत होते.

एकदा वरून तोंडी निरोप आला, अमुक अमुक देशांतून येणाऱ्यांची नावं वेगळी काढून द्या. सर म्हणाले, येणाऱ्या सगळ्यांची देतो, वेगळी काढत नाही. "कागदावर संशय घ्या. तो बिचारा काही म्हणत नाही. माणसावर अंदाजानं घेतला का तो जलमभर पुसल्या जात नाही." फोनवर पलीकडे कोण होतं ठाऊक नाही. अशा माणसाला वर कोणी मित्र उरत नाही.

आता गहू.

वडनेर भोलजीला एक काकू होत्या. आहेत. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. त्यांच्याकडे काळ्या कुसळाचा एक जुना गहू होता. विहिरीचं पाणी मचूळ, जमीन खारवट, तरी तो गहू नुसत्या ओलीवर यायचा. माझं सगळं संशोधन त्या गव्हावर. एका थंड देशातल्या विद्यापीठातल्या बाई मुळांचा अभ्यास करायच्या, त्यांना तो पाहायचा होता. करार सरांनी कॅन्टीनमध्ये सांगून झाला होता. त्यात एक कलम स्पष्ट होतं: जैवविविधतेची सरकारी परवानगी येईपर्यंत या वाणाचा एकही दाणा परदेशी हातात द्यायचा नाही. बाई येतील, शेत पाहतील, जातील. दाणे मागाहून, रीतसर.

परवानगी येत नव्हती. माझं वय वाढत होतं. बाईंच्या प्रयोगशाळेत दाणे गेले की तिथे मला वर्षभर बोलावणार, असं त्यांनी म्हटलं होतं. दाणे गेले की.

त्या दिवशी सरांना बुलढाण्याला मीटिंग होती, म्हणून बाईंना घेऊन मी गेलो. काकूंना कोण आनंद. निघताना म्हणाल्या, "लेकीसारखी आली, रिकामी कशी जाऊ देऊ? इधवेनं भरू नाही म्हणतात, तरी ओटी भरतो." त्यांनी सुपात रेशनचा गहू काढून ठेवला, नारळ ठेवला, आणि कुंकू आणायला आत गेल्या. त्यांना मोतीबिंदू झालेला. हातानं चाचपत चालायच्या.

बाई अंगणात शेळीचे फोटो काढत होत्या. पुढच्या खोलीत मी एकटा. बियाण्याचा ड्रम कोपऱ्यात, झाकणावर पाटा. मी दोन्ही हातांनी पाटा उचलला, सुपातला गहू रेशनच्या डब्यात परत ओतला, आणि सुपात काळ्या कुसळाचा गहू घेतला. पाटा पुन्हा ठेवला. मग बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिलो.

काकूंनी ओटी भरली. बाईंनी ओढणीत ती घेतली, आणि दाणे पाहून थबकल्या. त्यांचं आयुष्य दाण्यांत गेलेलं. माझ्याकडे वळून विचारलं, हे चालतं ना?

मी म्हणालो, ओटी परत करत नसतात.

आमच्या ड्रायव्हरनं त्या ओटीचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, वर फुलं आणि हात जोडलेले. संध्याकाळी गेस्टहाउसवर माझा फोन वाजला.

"ओटीत कोणता गहू हाय बे?"

"घरचा असेल, सर."

"फोटोत लांब दाणा दिसून राह्यला. काळ्या कुसळाचा हाय तो. बाईले सांग, भिजू घालायचा, भिजलेलं बी कोणी नेत नाही. आत्ताच. मी फोनवर हाय, पाणी ओतल्याचा आवाज येऊ दे."

मी पातेल्यात गहू ओतला आणि नळ सोडला. सर फोनवर शांतपणे ऐकत राहिले. जगात कुणी असं पाणी ऐकलं नसेल.

सकाळी ते सायकलवर आले. डोक्याला हेल्मेट, कॅरिअरला बांधलेला घरचा कुकर. बाईंना म्हणाले, आणि मला इंग्रजीत सांगायला लावलं, "आमच्यात ओटी-बिटी नसते, पण नियम मले सगळ्यायचे माहीत हाय. ओटीचं धान्य नेऊन ठेवत नसतात. जिची भरली तिनं शिजवून खायचं असते." हा नियम खराच आहे. बायाबापड्या तो पाळतात. गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात शिट्ट्या झाल्या, गूळ पडला, आणि आम्ही तिघांनी त्या घुगऱ्या खाल्ल्या. बाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी दोनदा घेतल्या. सर म्हणाले, "आता इमानतळावर कोणी इचारलं का गहू नेऊन राह्यल्या काय, तर पोटावर हात ठेवून हाव म्हणजा." बाई खो खो हसल्या. मीही हसलो.

बाई गाडीत बसल्यावर सरांनी मला एकदाच विचारलं, "ओटी भरली तवा तू कुठं होता?"

"गाडीजवळ, सर."

"बरं."

तिथे ते संपलं असतं. पण ग्रुपवरचा फोटो कुणीतरी वर पाठवला. सरांवर डूख धरून बसलेले बरेच होते. चौकशी समिती आली. पुण्याकडचे एक अध्यक्ष, दिल्लीचे एक तज्ज्ञ, आणि एक टिपण घेणारे. त्यांनी सरांना विचारलं, दिलेलं बियाणं कुठे आहे?

"खाल्लं."

"कुणी?"

"आमी. गूळ घालून."

अध्यक्षांना ते उद्धट वाटलं. म्हणजे पुरावाही यांनीच नष्ट केला, असं ते म्हणाले. मग काकूंना बोलावलं. दिल्लीच्या तज्ज्ञांना मराठी येत नव्हतं, म्हणून काकूंचं बोलणं इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. टिपण माझ्या इंग्रजीवरून घेतलं जात होतं. अध्यक्ष वऱ्हाडी ऐकून नुसते गालात हसत होते.

काकू पदर सावरत म्हणाल्या, "माह्याच हातानं चुकलं सायेब. डोळ्यानं दिसत नाही. रेशनचा समजून बियाण्याचा घेतला असन. पण पाटा कवा उचलला, ते काही मले याद येत नाही."

मी सांगितलं: म्हातारीला दिसत नाही, हात चुकून बियाण्याच्या ड्रमात गेला.

पाट्याचं वाक्य मी सांगितलं नाही.

सर समोर बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग अध्यक्षांना म्हणाले, "बाईचा काही दोष नाही. तिथं मी पाह्यजे होतो, नव्हतो. कक्ष माह्या हाय. माह्यं नाव लिहा."

त्यांचं नाव लिहिलं गेलं. कक्ष गेला, बदली झाली पार दुसऱ्या टोकाला, आणि निवृत्तीही तिकडूनच झाली. बाईंच्या विद्यापीठाशी करार बंद पडला. मला परदेशी कुणी बोलावलं नाही. मला बोलावलं प्राचार्यांनी, आणि सरांचा कक्ष माझ्याकडे दिला. तो अजून माझ्याकडेच आहे. मी करार खोलीत बसून वाचतो.

इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस आत्ताच का बोलतो, असं कुणी विचारेल. मागच्या महिन्यात नांदुऱ्याच्या बाजारात काकू भेटल्या. चष्मा होता. मला लांबूनच ओळखलं, हात हलवला, जवळ येऊन म्हणाल्या, "डोळे केले सर! दोन्ही. आता पाह्या, हात चुकत नाही माह्या." आणि मग आवाज खाली घेऊन, "आंगुदर केले असते तर त्या सायबाची नोकरी नसती गेली."

मी मिरच्या न घेताच घरी आलो.

रविवारी दुसरबीडला गेलो. सर ओट्यावर बसून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापत होते, कशासाठी ते विचारलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाटा, सूप, गाडी.

त्यांनी कात्री थांबवली नाही. "मले वाटलंच होतं."

"कधीपासून, सर?"

"तू तिचं पाट्याचं बोलणं गाळलं तवापासून."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"वाटलं होतं. माहीत नव्हतं. वाटण्यावर म्या कधी कोणाचं नाव सांगतलं काय?" मग कात्री बाजूला ठेवून, त्याच जुन्या उत्सुकतेनं, "मले एक सांग. त्या बाईच्या देशात गेला असता, तं उगवला असता काय तो गहू? बर्फात?"

"माहीत नाही, सर. तेच पाहायचं होतं."

"हाव. पाहाले तं मले बी आवडलं असतं." ते थोडं हसले. मी माफी मागायला वाकलो तर त्यांनी पाय आत ओढून घेतले. "मले काऊन मागून राह्यला? माह्यं काय गेलं, खुर्ची. ते म्हातारी दर संक्रांतीले फोन करते मले, आन् रडते. मी म्हणतो जाऊ द्या काकू, जाऊ द्या. खोटं बी बोलता येत नाही, खरं बी सांगता येत नाही. मले कटाळा आला आता त्याचा. तिच्याकडं जा."

मी तसाच वडनेरला गेलो. जाताना वाटेत दोनदा गाडी थांबवली, दोनदा पुढे नेली.

काकू दारात हरभरा पाखडत होत्या. "या सर, या. बसा. पाणी आणतो." मी म्हटलं, पाणी नको काकू, आधी ऐका. आणि सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगितलं, म्हणजे आडवळण घेता येत नाही. तुम्ही कुंकू आणायला गेल्या, तवा म्या पाटा उचलला.

सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. चष्म्यामागचे डोळे माझ्यावर. मला वाटलं, त्या रागावतील, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे माह्या हात नव्हता चुकला?"

"नाही."

"सायबाची नोकरी मी नाही खाल्ली?"

"नाही काकू. मी."

हरभऱ्यात एक खडा दिसला तो त्यांनी उचलून अंगणात फेकला. मग म्हणाल्या, "इतके साल मी देवापाशी तोंड दाखवत नव्हती. आन् तू बाजारात भेटला तं रामराम करे माह्याशी. काऊन नाही सांगतलं बे?"

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "सायबाले लाव."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या सूप खाली ठेवून उठल्या, फोन कानाशी दाबत अंगणात गेल्या, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायेब, मी बोलून राह्यली, वडनेरहून. आज रडाले नाही केला फोन. आइकून राह्यले ना?"

मी ओट्यावर होतो. आता कुणी मला बस म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं.